चावलेलं पत्रक

शूर बाईचं चित्र काढायला सांगितलं, तर तिच्या पाठीवर मूल न बांधता तुम्हाला ते काढता येईल का? खरं सांगा. ती शेवटी मरणार नाही, म्हातारी होईल, कवळी लावून शेंगा खाईल, असं चित्र तुम्ही चौकात लावाल का? मी हा प्रश्न सभांमधून विचारते तेव्हा पुरुष गालातल्या गालात हसतात आणि बायका उगीचच पदर सारखा करतात. उत्तर कुणी देत नाही. मलाही ते नीट देता येत नाही, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. आई म्हणते, ‘आत्मकथन लिहायचं तुझं वय तरी झालंय का गं?’ झालेलं नाही. पण जिनं लिहायला हवं होतं तिला लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी भलतंच लिहिलं. त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता.

निपाणीत आमचं घर आणि आमचा छापखाना यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. पुढे ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, मागे चूल. दिवसभर ट्रेडलचा आवाज चालायचा, आणि तो थांबला की आईच्या हातातली भाकरी थापायची लय चुकायची. घराला शाईचा आणि खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, धुवायच्या रॉकेलचा वास होता. त्याच्यावर मागच्या वखारीतून येणाऱ्या तंबाखूचा. पाहुणे आले की आधी शिंकायचे, मग रामराम करायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांची पत्रकं छापत. सीमाप्रश्नाची, विडी वळणाऱ्या बायकांच्या मोर्चाची, तंबाखूच्या दराची, आणि निवडणूक आली की एकमेकांना चोर म्हणणाऱ्या दोन्ही पॅनेलची, एकाच कागदावर, एकाच दिवशी. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. पहिला जोडाक्षराचा शब्द मला आला तो ‘धिक्कार’. आमटीत मीठ जास्त पडलं तर मी ‘जाहीर निषेध’ म्हणायची. शाळेत डब्याची भाकरी बिघडलेल्या छपाईच्या कागदात गुंडाळलेली असायची, आणि कधी कधी तिच्यावर ओल्या शाईतला एखादा ‘एकजुटीनं’ उलटा उमटलेला असायचा. मी तो खाल्लेला आहे. आम्ही जैन, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे संध्याकाळी सगळ्या गल्लीत फोडणीचे वास सुटायचे तेव्हा आमच्या घरात भांडी घासून पालथी पडलेली असत आणि अण्णा दिव्याखाली उद्याचा मजकूर जुळवत बसलेले असत.

गौराक्का आमच्या छापखान्यात पत्रकांना घड्या घालायची. ती मूळची कणकुंबीच्या बाजूची, गोव्याच्या हद्दीवरच्या रानातली. तंबाखूच्या वखारीत कामाला म्हणून निपाणीत आली, पुढे धुळीनं तिचा दमा बळावला आणि अण्णांनी तिला घडीकामाला ठेवलं. मी जन्मले तेव्हा ती होतीच. पडद्याच्या अलीकडं भिंतीला टेकून पाय पसरून बसायची, मांडीवर गठ्ठा घ्यायची आणि बोटांकडं न बघता घड्या घालायची. तिला वाचता येत नव्हतं. ‘ह्यात कुनाला शिव्या हायत आज?’ असं विचारायची, मी वाचून दाखवायची, आणि शिव्या जोरदार असल्या की घडीवरून नखही जोरात फिरायचं. तिचं माणूस म्हणून कुणी कधी आलेलं मी पाहिलं नव्हतं. नागपंचमीला गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जायच्या, माहेरवाशिणी इकडं यायच्या, झोके बांधले जायचे. त्या दिवशी छापखाना बंद असला तरी गौराक्का येऊन बसायची आणि कोऱ्या कागदांना घड्या घालायची. आई तिच्यापुढं लाह्या आणि लाडू ठेवायची. ‘मला कोन मूळ धाडतंय,’ एवढंच ती एकदा म्हणाली होती. मूळ म्हणजे माहेरी न्यायला येणारं माणूस.

मी दहावीत असतानाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते, हातात काम कमी होतं, आणि तिनं एक वाया गेलेलं पत्रक घेऊन त्याची एक वेगळीच घडी घातली. आधी उभी, मग तिरकी, मग टोकं आत खोचून बोटाच्या पेराएवढा त्रिकोण.

‘ही कसली घडी गं?’

‘विड्याची. तवा अशीच घालायचो.’

‘कवा?’

‘गोव्यात पोर्तुगीज होता तवा. पलीकडं कागद न्यायचा तर असा गालात धरायचा. पोलीस दिसला की चावायचं. पान खाल्ल्यावानी.’

‘आणि मग?’

‘मग गिळायचं. थुकलं तर सापडतंय की. शाई लई कडू असती, सांगते तुला.’

‘काय लिहिलेलं असायचं त्यात?’

‘मला काय ठाव? चवीवरनं कळतंय व्हय?’

मी उठून उभी राहिले होते, हे मला आठवतं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीसमोर पत्रक खाल्लेली बाई बसली होती आणि ती इतकी वर्षं आमच्याच घरात शेंगाचटणी भाकरी खात होती. त्या दिवसापासून मी तिला सोडलं नाही. ती घड्या घालायची आणि सांगायची. तरुणपणी ती रानातून गोव्यात ये-जा करायची. कागद हा त्यातला थोडाच भाग. खरा माल म्हणजे परदेशी घड्याळं, ब्लेडं, वासाचे साबण. घड्याळं अंबाड्यात घालायची. ‘रानात गप झालं की डोसक्यात टिकटिक ऐकू यायची,’ असं ती म्हणायची. माल देणारा-घेणारा एक जण होता, त्याच्याकडंच गोवामुक्तीचे कागदवाले यायचे, म्हणून कागदही न्यायची. एकदा पलीकडच्या शिपायांनी तिला वाटेत अडवलं. गालात कागद, अंबाड्यात घड्याळं.

‘मी म्हटलं, म्हस हरवलीया. आन् लागले की हाका माराय. चांदेऽऽ! चांदेऽऽ! कागद गिळला त्या हाकंतच. त्येंच्यातला एक शिपाई लई भला मानूस, माझ्यासंगट रानभर हिंडला. त्यो बी हाका मारतोय. झाडाझाडामागं वाकून बघतोय.’

‘सापडली का म्हैस?’

‘कुठली म्हस गं? माझ्याकडं कोंबडी बी नव्हती.’

ती इतकी हसली की तिला दम्याची उबळ आली, आईनं पाणी आणून दिलं. मी मात्र पुढचा प्रश्न विचारायला टपून बसले होते. हे सगळं तू देशासाठी केलंस का, असं मी विचारलं. तिनं गठ्ठ्यावरचे कागद सारखे केले.

‘बरं वाटायचं,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘रानात शिरलं की बरं वाटायचं. पानी आन, शेन काढ, कोन हाक मारत न्हवतं. नवऱ्याकडनं मी माझ्या पायानं आलते. भाऊ म्हनाला, रात-रात रानात असतीस, चौकीवर असतीस म्हंतात, माझ्या दारात येऊ नगं. मग काय. गेले.’

मला ते उत्तर आवडलं नाही. आमच्या पत्रकांमध्ये बरं वाटतं म्हणून कुणी काही करत नसे. नंतर मी बेळगावला कॉलेजात गेले तेव्हा वाचनालयातल्या शूर बायकांवरच्या कादंबऱ्या एकामागून एक वाचून काढल्या. कुणी वडिलांच्या वचनासाठी घोड्यावर बसते, कुणी नवऱ्याच्या सुडासाठी, कुणी लेकरासाठी. एकीलाही घोड्यावर बसून नुसतं बरं वाटत नाही. आणि इतिहासाच्या पुस्तकांत तर ‘या लढ्यात अनेक महिलांनीही भाग घेतला’ एवढं एक वाक्य असतं, त्यात सगळ्या मावतात. तेव्हा मात्र मला हे काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच वाटलं की ही गोष्ट गावानं ऐकली पाहिजे, आणि आहे तशी ऐकली पाहिजे.

आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा दरवर्षी सजीव देखावा असायचा. आमच्याकडच्या देखाव्यात काम करणारे बोलत नाहीत. संवाद आणि संगीत आधीच कोल्हापूरला जाऊन भारदस्त आवाजाच्या माणसांकडून रेकॉर्ड करून आणतात. आपली माणसं स्टेजवर हातवारे करतात आणि नुसते ओठ हलवतात. मंडळाचे अध्यक्ष बंडूमामा. टायरचं दुकान, गळ्यात चेन, मनानं मोकळा माणूस. त्या वर्षी देखाव्याचं लिखाण मी करते म्हटल्यावर ते खूष झाले, कारण फुकट होतं. मी चार दिवस शाळेत न जाता लिहिलं. घड्याळं, ब्लेडं, विड्याची घडी, म्हैस, शिपाई, सगळं. बंडूमामांनी ते छापखान्यातच स्टुलावर बसून वाचलं. वाचताना तेही दोनदा हसले.

‘झ्याक लिवलंयस. पर म्हस कशाला?’

‘म्हशीमुळंच ती सुटली, मामा.’

‘अगं, देखाव्यात म्हस आली की लोक हसत्यात.’

‘हसूदेत की.’

‘हसल्यावर वर्गणी कोन देतंय? देखावा बघून बाया रडाय पायजेत. आन् हे घड्याळाचं काढ. समगलर म्हनतील म्हातारीला. आपल्याच गल्लीतली हाय.’

‘व्हतेच की मी समगलर,’ गौराक्का पडद्यामागून म्हणाली.

‘तू गप गं आक्का. तुला काय कळतंय तू कोन हाईस.’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘मागच्या वर्षीचा घोडा हाय बघ मांडवात. रंग दिला की नवा.’

‘रानात घोडा कुठला, मामा? पायानं जायची ती.’

‘बरं, घोडा ऱ्हाऊ दे. बाहुली तर वापरू? पाठीवर बांधायची. चांगली महागाची बाहुली हाय, एकाच वर्षात टाकून द्यायची व्हय?’

अशा रीतीनं गौराक्काला मूल झालं. घोडा नाही म्हटल्यावर तडजोड म्हणून. पुढचं सगळं मंडळाचा देखावा बसवणाऱ्या मास्तरांनी केलं. पाठीवर मूल आलं म्हटल्यावर ते रडणार, ते रडलं की शिपायाला चाहूल लागणार, शिपाई आला की गोळी झाडणार, आणि धुराचं यंत्र भाड्यानं आणलेलंच होतं. गालातलं पत्रक मागच्या रांगेला दिसायचं नाही म्हणून त्याची लाल फीत बांधलेली लांब गुंडाळी झाली. आणि कोल्हापूरच्या बाईंच्या आवाजात शेवटचं वाक्य आलं: ‘माझं बाळ गेलं तरी चालेल, पण हे पत्रक पोचलंच पाहिजे!’ मी भांडले. मंडळाच्या बैठकीत उभं राहून मी ‘इतिहासाचा खून’ असे शब्द वापरले. बैठकीत चहा आला. मी राजीनामा देते म्हटलं तर बंडूमामा म्हणाले, ‘कशाचा? तुला पद कुठं दिलंय?’

देखाव्यात गौराक्काचं काम मीच करायचं ठरलेलं होतं. आता मी करणार नाही, असं मी घरी येऊन जाहीर केलं. अण्णा खिळे जुळवत राहिले. गौराक्कानं मात्र घडी थांबवली. ‘तूच हो. दुसरी कोनबी भवानी माझ्यावानी चालली तर मला खपायचं न्हाय.’ आणि त्या दिवसापासून ती मला मागच्या अंगणात चालायला शिकवू लागली. टाच आधी नाही, चवडा आधी. मान वळवायची नाही, डोळे वळवायचे. डोक्यातली टिकटिक ऐकू येते असा चेहरा. पाठीवर बाहुली बांधून मी चालायची आणि ती बाहुलीकडं बघून म्हणायची, ‘हिचं वजन न्हाय गं काय, नुस्ती पाठीवर लुडबुड.’ माझी तत्त्वं आणि तिची मजा यांचं कुठंच जमत नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला वाईट का वाटत नाही, याचाच मला राग येत होता.

गणपतीचे दिवस म्हणजे आमच्याकडं पर्युषण. आई एकभुक्त राहायची, सकाळ-संध्याकाळ मंदिरात. पहिल्या दिवशी मंदिरातून ती तशीच मांडवाकडं आली आणि दारातच थबकली. मांडवाच्या तोंडाशी मोठा फलक होता, ‘वीरमाता गौराबाई’, त्यात रेशनकार्डावरून मोठा केलेला गौराक्काचा फोटो, आणि फोटोला झेंडूचा हार.

‘अहो बंडूअण्णा, जित्या माणसाच्या फोटोला हार?’

‘फोटो मोकळा मोकळा दिसत होता, वैनी.’

खरी गौराक्का पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, आईनं दिलेलं हिरवं लुगडं नेसून. बंदोबस्ताला आलेला हवालदार फलकाजवळ थांबला. ‘इवरु यारु?’ हे कोण, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं. ‘सत्तु होदरु री, पाप,’ बंडूमामांनी सांगून टाकलं. वारल्या हो, बिचाऱ्या. हवालदारानं टोपी काढली. गौराक्काला कन्नड येत होतं. तिनंही हळहळून मान हलवली.

मग दिवे गेले आणि सीडी सुरू झाली. कापडाच्या रानातून मी चवड्यांवर चालत आले. ते चालणं तिचं होतं. एवढं एक तरी खरं होतं. शिपाई आला, बाळ रेकॉर्डमध्ये रडलं, गोळी सुटली, धूर माझ्या नाकातोंडात गेला. मी गुडघ्यांवर पडले आणि लाल दिवा माझ्या तोंडावर आला. आता कोल्हापूरच्या बाई ते वाक्य म्हणणार होत्या आणि मला ओठ हलवायचे होते. बाईंनी सुरुवात केली. माझं तोंड उघडलं, आणि त्या वाक्याऐवजी मी ओठांनी दुसरंच म्हटलं. ‘चांदेऽऽ! चांदेऽऽ!’ आवाज काढला नाही. ओठ मात्र पूर्ण उघडून, रानभर ऐकू जावं असे हलवले. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. कुणाच्याच लक्षात आलं नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. फक्त पहिल्या रांगेत गौराक्का पुढं झुकली, माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे गदागदा हलत होते. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, ‘रडू नगा आजी, लई हिमतीची बाई व्हती ती.’

खेळ संपल्यावर लोक माझ्या पाया पडले. तिच्याकडं कुणी पाहिलंही नाही. पुढचे सगळे दिवस, प्रत्येक खेळाला, मी ओठांनी म्हशीला हाका मारल्या आणि ती प्रत्येक खेळाला पहिल्या रांगेत येऊन बसली. आत्ता हे लिहिताना वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकं खरं पुन्हा कधी बोलले नाही. पण त्या वेळी मला ते पुरत नव्हतं. फलक तसाच होता, हार रोज नवा येत होता. म्हणून मी अण्णांच्या परवानगीनं, स्वतःच्या हातानं खिळे जुळवायला बसले. मथळा: ‘जाहीर खुलासा’. गौराबाई जिवंत आहेत. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी घड्याळं आणली, ब्लेडं आणली, पत्रकं गिळली. त्यांना गोळी लागली नाही. त्यांनी नसलेली म्हैस शोधली आणि शिपायालाही शोधायला लावली. त्या हे सगळं करत होत्या, कारण त्यांना बरं वाटत होतं. हे शेवटचं वाक्य घालायला मला दोन दिवस लागले, आणि ते घातल्यावर मला पहिल्यांदाच ते आवडलं. विसर्जन मिरवणुकीत गल्लीभर वाटायचं असं ठरवलं.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी पहिलं प्रूफ काढलं, आणि तेवढ्यात दाराशी जीप थांबली. आत आला तो चाळिशीचा माणूस, त्याची बायको, बायकोच्या हातात ताट. ताटात नवं लुगडं, खण, नारळ. शिंकून झाल्यावर त्यानं विचारलं, ‘गौराआत्या हितंच ऱ्हाते न्हवं?’ तो गौराक्काच्या भावाचा मुलगा, नारायण. भाऊ वारला होता. गावचा कुणीतरी तंबाखूच्या कामानं निपाणीत आला होता, त्यानं देखावा पाहिला, पहिल्या रांगेतल्या गौराक्काला ओळखलं आणि गावात जाऊन सांगितलं.

‘आत्या जिवंत हाय, हेच आम्हाला ठाव न्हवतं,’ नारायण आईला सांगत होता. ‘आमी ऐकलेलं ते भलतंच. आता साऱ्या गावाला कळलं, ती कोन व्हती ती. गावात कमान करायची ठरलीय तिच्या नावाची. आत्याला न्यायला आलोय. कायमचं.’

आईनं त्यांना पोहे दिले. मी पडद्याच्या अलीकडं आले. गौराक्का तिच्या जागेवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्या हातात ओलं प्रूफ होतं.

‘वाच,’ ती म्हणाली.

मी हळू आवाजात वाचलं. घड्याळांना तिनं मान हलवली. म्हशीला हसली. ‘बरं वाटत होतं’ झाल्यावर म्हणाली, ‘आणखी एकदा वाच ते.’ मी वाचलं.

‘चांगलं लिवलंयस,’ ती म्हणाली. ‘असा एकच कागद हाय?’

‘हे प्रूफ. बाकीचे दुपारी छापणार.’

तिनं माझ्या हातातून कागद घेतला. आधी उभी घडी, मग तिरकी, मग टोकं आत. मला कळायच्या आत तो त्रिकोण तिनं गालात ठेवला आणि चावायला लागली.

‘गौराक्का!’

‘शाई आजून कडूच हाय की गं,’ भरल्या तोंडानं ती म्हणाली, आणि पडदा बाजूला करून बाहेर गेली. नारायण आणि त्याची बायको तिच्या पाया पडले. ‘आत्या, घरला चल. आमचं चुकलं. येतीस न्हवं?’ तिला बोलता येत नव्हतं. ती मान हलवत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि जबडा हळूहळू फिरत होता. नारायणला वाटलं तिचा कंठ दाटला. तिनं गिळलं ते मी पाहिलं. मग ती जाऊन आईनं बांधून दिलेलं गाठोडं घेऊन जीपमध्ये बसली. पंचमी होऊन गेली होती, पण तिला मूळ आलं होतं.

मी अण्णांकडं पाहिलं. ते खिळ्यांच्या कप्प्यांपाशी उभे होते. ‘छापायचं का नाही ते तू बघ,’ ते म्हणाले. ‘मजकूर बांधून ठेवलाय.’ दुपार झाली, मिरवणुकीचे ढोल सुरू झाले. मी ट्रेडलपाशी गेले, चाकाला हात लावला, परत फिरले. छापलं तर तिचं दार बंद होणार होतं. न छापलं तर ती, म्हणजे जी हसत होती ती, कायमची मरणार होती. दोन्हींतली खरी गौराक्का कोणती आणि मी कुणाच्या बाजूची, हे मला ठरवता आलं नाही. मजकूर तसाच बांधलेला राहिला. पुढं लगीनसराईत अक्षरं कमी पडली तेव्हा अण्णांनी तो सोडून खिळे परत कप्प्यांत टाकले. ‘जिवंत’मधला ‘जि’ बहुतेक कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतल्या ‘जिव्हाळ्या’त गेला असेल.

कॉलेजात असताना एकदा मी तिला भेटायला गेले. गावाच्या तोंडाशी कमान होती, कमानीवर सिमेंटची बाई, सिमेंटचं मूल. गौराक्का भावाच्या ओसरीवर बसली होती, शेंगा सोलत. भोवती शाळा सुटलेली मुलं. ती त्यांना गोष्ट सांगत होती, आणि ती गोष्ट आमच्या देखाव्याची होती, शब्दन् शब्द, कोल्हापूरच्या बाईंच्या चालीवर. ‘माझं बाळ गेलं तरी चालेल, पण हे पत्रक पोचलंच पाहिजे!’ मुलं आणखी पुढं सरकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं स्वतःलाच खोडून टाकलं होतं. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, ‘आज्जी, तुझ्या बाळाचं नाव काय व्हतं?’

गौराक्कानं शेंग फोडली. मग माझ्याकडं पाहिलं.

‘चांदी,’ ती म्हणाली. ‘लई हाका मारल्या मी तिला. रानभर.’

तिचा चेहरा अगदी गंभीर होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तोंडात काय आलं ते मला सांगता येणार नाही. हसू म्हणावं तर तसंही नव्हतं. तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. आता ती नाही. फोटोला हार आहे, आणि या वेळी तो बरोबर आहे. तिनं जे गिळलं ते मी इथं लिहिलं, हे तिला आवडलं असतं का, हे विचारायला कुणी उरलेलं नाही. नारायण हे वाचेल, बहुतेक रागावेल. मला अजून कळत नाही.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. कधी त्या बाजूला गेलात, तर कमानीखाली उभं राहून कुणाशी वाद घालू नका. एखाद्या मुलाला त्या बाईची गोष्ट सांगायला सांगा, शेवटपर्यंत ऐका, आणि बाळाचं नाव विचारा. ते सांगेल. मग रानाकडं तोंड करा आणि त्या नावानं एकदा मोठ्यानं हाक मारा, संध्याकाळी म्हशीला मारतात तशी.